ब्रश खाल्लेला माणूस

“आज मी परत ब्रश खाल्ला,” टॅब्लेटमधली बाई स्वच्छ इंग्रजीत म्हणाली.

नीना नावाची पोलिश नर्स टॅब्लेट हातात धरून तशीच उभी राहिली. पलंगावरच्या म्हाताऱ्याला वाटलं, हिला ऐकू आलं नाही. म्हणून त्यानं तेच वाक्य आपल्या तुर्की भाषेत आणखी मोठ्यानं सांगितलं. टॅब्लेटनंही तितक्याच इमानानं तेच भाषांतर पुन्हा केलं. नीना बाथरूममध्ये गेली. दात घासायचा ब्रश जागेवर होता. केसांचाही होता. तरी तिनं दोन्ही उचलून खिशात कोंबले आणि डॉक्टरला फोन करायला बाहेर धावली.

खोलीच्या मधोमध पडदा होता. पडद्याच्या अलीकडे हेमचंद्र देवतळे दोन गुडघ्यांमध्ये उशी घालून पडले होते.

“वेडाच निघाला शेवटी,” ते छताकडे बघून म्हणाले. “माह्याच नशिबात यायचा होता.”

तासाभरात म्हाताऱ्याच्या पोटाचा एक्स-रे निघाला. पोटात ब्रश नव्हता. तरीही त्या दिवसापासून तो दात घासताना कुणीतरी समोर उभं राहू लागलं, आणि हेमचंद्रांच्या मनात या संस्थेबद्दल जी काही थोडीफार किंमत उरली होती तीही गेली.

उरली होती असं म्हणायचं एवढंच. अमेरिकेतल्या शॉमबर्गच्या त्या रिहॅबमध्ये ते आले ते खुब्याचं हाड मोडून. मुलाच्या घरासमोरच्या बर्फावरून कचऱ्याचा डबा रस्त्यापर्यंत ओढत नेताना पाय घसरला होता. ऑपरेशन झालं, आणि आता चालता येईपर्यंत इथे. इथे माणसानं पाय वीतभर उचलला की पंचविशीतलं पोरगं टाळ्या वाजवून “गुड जॉब!” म्हणायचं. जेवणात लाल रंगाची थरथरणारी जेली यायची. दुपारी एक बाई सगळ्यांना गोल बसवून फुगा फेकायला लावायची. ज्या माणसांनी घरं बांधली, पोरं वाढवली, ती माणसं फुग्याला हात लागला की हसायची. हेमचंद्र एकदाच गेले. फुगा त्यांच्याकडे आला तेव्हा त्यांनी तो पायाशी पडू दिला आणि त्याच्याकडे बघितलंही नाही.

माणसांबद्दलचं त्यांचं मत फार जुनं होतं. यवतमाळच्या एसटी स्टँडवर ते वाहतूक नियंत्रक होते. सारी नोकरी चौकशीच्या खिडकीत गेली. डोक्यावर हातभर अक्षरांत गाड्यांच्या वेळा लिहिलेल्या असायच्या आणि त्याच फलकाखाली उभं राहून माणसं विचारायची, “साहेब, वणीची गाडी कधी?” लाउडस्पीकरवर सांगावं तर ज्याला सांगितलं तोच परत यायचा, “काय म्हनले जी?” हेमचंद्रांनी तेव्हाच ठरवून टाकलं होतं की जगात बोलणारे पुष्कळ, ऐकणारा कुणी नाही. बायको गेल्यावर मुलानं, शंतनूनं, अमेरिकेला आणलं. इथे येऊन मत बदलावं असं त्यांना काही दिसलं नाही.

आणि आता हा शेजारी. नाव नेजदेत. लिफ्ट दुरुस्त करणारा होता म्हणे, इझमीर की कुठला. मुलीकडे आला, मुलगी मिलवॉकीला, आणि गुडघा बदलल्यावर जागा मिळाली ती शॉमबर्गला. छाती पिंपासारखी, भुवया जाड, आवाज डेपोतल्या नादुरुस्त हॉर्नसारखा. इंग्रजीचे मोजके शब्द. घोरायचा असा की पडदा हलायचा. मोबाइलवर फुटबॉलची मॅच लावायचा आणि मध्येच कपाळावर हात मारून ओरडायचा, “गोल येदिक! गोल येदिक!” आला त्या दिवशी त्यानं पडद्याखालून ऑलिव्हची बरणी पुढे केली होती. हेमचंद्रांनी ती बोटानं परत ढकलली होती.

“मला वेगळी खोली पाहिजे,” शंतनू आला की ते पहिलं हेच बोलायचे.

“बाबा, प्रायव्हेट रूम इन्शुरन्स कव्हर करत नाही. मी दोनदा चेक केलं,” शंतनू डबा उघडत म्हणायचा. डब्यात स्वानंदीनं, सुनेनं, दिलेल्या पोळ्या आणि वांग्याची भाजी असायची.

“ब्रश खातो तो माणूस. उद्या मला खाईल.”

“काहीतरी काय यार बाबा.”

“अन् हे काय, वांगं आहे का रबर? तिला सांग, तेलात परतत जा म्हणावं जरा.”

शंतनू फोनकडे बघायचा. पंचेचाळिशीचा झाला तरी वडील बोलू लागले की तो फोनकडे बघायचा.

असं सगळं चाललं असताना एका सकाळी व्यायामाच्या खोलीबाहेर दोघांच्या खुर्च्या शेजारीशेजारी लावल्या गेल्या. वॉकर न घेता उठल्याबद्दल थेरपिस्ट पोरगा नेजदेतवर चांगलाच करवादला. बोट नाचवून बोलला. तो आत गेल्यावर नेजदेतनं हेमचंद्रांकडे पाहिलं, पोराची नक्कल करत बोट नाचवलं, मग तेच बोट स्वतःच्या तोंडात घालून चावल्यासारखं केलं आणि म्हणाला, “फर्चा येदिम.” मग हातानं ब्रश फिरवल्याची खूण. “फर्चा. ब्रश. येदिम. ईट.”

हेमचंद्र त्याच्याकडे बघत राहिले. नीनाला सांगितलं ते हेच. त्या दिवशीही हा पोरगा याच्यावर ओरडला होता.

“बोलणी खाल्ली,” ते मराठीत म्हणाले. कुणाशी मराठीत बोलतोय याचं त्यांना भानच राहिलं नाही. “अबे, बोलणी खाल्ली म्हणतो का तू?”

नेजदेतला अर्थात काही कळलं नाही. हेमचंद्रांनी इकडेतिकडे पाहिलं. कुणी नव्हतं. त्यांनी स्वतःच्या गालावर हळूच एक चापट मारली आणि घास तोंडात घातल्याची खूण केली.

“दायाक!” नेजदेत गरजला. “दायाक येदिम! बाबाम!” आणि वडिलांनी कान कसा पिरगाळला ते त्यानं स्वतःचाच कान पिरगाळून दाखवलं.

मार खाल्ला. याच्या बापानं याला मारलं तर यानं मारच खाल्ला होता. शंतनूची मुलं इंग्रजीत काय म्हणत असतील? बहुधा त्यांना कुणी मारतच नसेल.

हेमचंद्रांनी मग टेबलाखालून पैसे सरकवण्याची खूण केली. चौतीस वर्षं सरकारी महामंडळात काढलेल्या माणसाला ती नीट येत होती.

“रुश्वेत,” नेजदेत डोळे बारीक करून म्हणाला. “रुश्वेत येमेक.”

रिश्वत! शब्द तर नागपूरच्या बाजारातलाच निघाला. हेमचंद्रांनी ओठ घट्ट मिटून घेतले, कारण त्यांना हसू येत होतं आणि या इमारतीत हसायचं नाही असं त्यांनी ठरवलेलं होतं.

त्यानंतर पडदा दिवसा सरकलेला राहू लागला. दोस्ती झाली असं हेमचंद्रांनी कबूल केलं नसतं. ते त्याला मनातल्या मनात ‘पिंप’ म्हणायचे. पण एका क्रियापदापुरतं का होईना, या मुलखात एक तरी माणूस शहाणं बोलतो, असं त्यांना वाटू लागलं. नेजदेत दिवसभर खायचा आणि काही न खाता खायचा. त्याच्या संघानं गोल खाल्ले. त्यानं तरुणपणी ट्रॅफिक पोलिसाकडून दंड खाल्ला. व्यापारातल्या भागीदारानं फसवलं तेव्हा खुंटा खाल्ला. इथे हेमचंद्रांनी नापसंतीनं मान हलवली. खुंटा कोण खातं? उलट त्यांनी ‘भाव खाणं’ समजावून सांगायचा प्रयत्न केला, छाती पुढे काढून, नाक वर करून, आणि नेजदेतला वाटलं की ते कोंबड्याबद्दल बोलताहेत. पण एकदा त्यानं मुलीचा फोन ठेवला, कपाळ धरलं आणि म्हणाला, “बाशमन एतिनी येदी.” डोक्याकडे बोट, मग दंडाच्या मांसाला चिमटा, मग घास. हेमचंद्रांना खुणेची गरजही लागली नाही.

“डोकं खाल्लं. पोरं तेच करतात,” ते म्हणाले. त्यांनी स्वतःच्या डोक्याकडे बोट दाखवलं, मग दाराकडे, जिथून शंतनू यायचा. नेजदेत खो खो हसला.

त्या ब्रशचा खरा अर्थ नीनाला सांगावा असं मात्र त्यांच्या मनात आलं नाही. या लोकांना काय सांगायचं? फलकाखाली उभं राहून गाडीची वेळ विचारणारीच ही जात.

मग मार्चच्या सुरुवातीला नेजदेतचा व्यायाम कमी केला. विम्याचं काहीतरी. त्याचा गुडघा अजून अर्धाच वाकत होता. तो तापला. जो येईल त्याला टॅब्लेटमधून सांगू लागला. शेवटी क्रिस्टिन नावाची सोशल वर्करबाई आणि एक तरुण डॉक्टर त्याचं मन तपासायला आले. बाईनं पडदा ओढून घेतला, जणू कापडानं आवाज अडतो.

“तुम्हाला कसं वाटतंय?” तिनं विचारलं.

नेजदेत बराच वेळ बोलला. टॅब्लेटमधली बाई एकेक वाक्य सांगत गेली. “त्यांनी माझा हक्क खाल्ला.” “माझी मुलगी रोज माझ्या डोक्याचं मांस खाते.” “माझं आतलं माझ्या आतल्याला खातं आहे.” आणि शेवटी, “असंच चाललं तर मी डोकं खाऊन टाकीन.”

“कुणाचं डोकं?” डॉक्टरनं हलक्या आवाजात विचारलं.

पडद्याअलीकडे हेमचंद्रांना शेवटचं वाक्य काही कळलं नाही. पण आधीची तिन्ही त्यांनी मूळ तुर्कीतूनच ओळखली होती. हाक्कमी येदिलेर. हक्क खाल्ला. इचिम इचिमी यियोर. आतल्या आत खातंय. मनाला खातंय. त्यांना वाटलं, आता नेजदेत खूण करील आणि या गाढवांना उमजेल. पण नेजदेत खुणा फक्त हेमचंद्रांसाठी करायचा. टॅब्लेट सगळं सांगतो अशी त्याची समजूत होती.

तो व्यायामाला गेला तेव्हा क्रिस्टिन हेमचंद्रांकडे आली आणि पलंगाच्या कठड्यावर हात ठेवून गोड आवाजात म्हणाली, “मिस्टर देवतळे, तुम्हाला त्रास झाला असेल. या आठवड्यात आम्ही त्यांना मेमरी विंगमध्ये हलवतोय. तिथे दारं बंद असतात, ते सुरक्षित राहतील. मुलीशी बोलणं झालंय. आणि मग काही दिवस तरी ही खोली तुमची एकट्याची.”

 स्मृती गेलेल्या म्हाताऱ्यांची ती मेमरी विंग हेमचंद्रांनी पाहिली होती. काचेच्या दारापलीकडे एक म्हातारी बाहुलीला भरवत बसलेली असे आणि दार उघडायला भिंतीवर आकडे दाबावे लागत. पण इकडे झोप मिळणार होती. घोरणं नाही, मॅच नाही, पिंप नाही. ‘माह्यं काय जातं,’ त्यांनी स्वतःला सांगितलं. ‘त्याची मुलगी आहे, डॉक्टर आहेत. मी कोण?’ ते त्या दिवशी गप्प राहिले, दुसऱ्या दिवशीही गप्प राहिले. दुसऱ्या दिवशी दुपारी नेजदेतनं मुलीनं पाठवलेले अंजीर सोलून अर्धे त्यांच्या ताटात ठेवले. त्याला अजून काहीच माहीत नव्हतं. हेमचंद्रांनी अंजीर खाल्ले. गोड होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी घंटा दाबली आणि क्रिस्टिनबाईंना बोलवा म्हणून सांगितलं.

“तुमची मशिन बावळट आहे,” ते इंग्रजीत म्हणाले. त्यांचं इंग्रजी महामंडळाच्या परिपत्रकांतून शिकलेलं, कडक इस्त्रीचं. “या माणसानं ब्रश खाल्लेला नाही. तो म्हणतो की त्याला रागावलं गेलं. मुलगी डोकं खाते म्हणजे कटकट करते. हक्क खाल्ला म्हणजे हिरावून घेतला. हे साधं बोलणं आहे.”

“तुम्हाला तुर्की येतं?”

“नाही.”

“मग?”

“आमच्यातही डोकं खातात. मी स्वतः खूप वेळा खाल्लेलं आहे. मारही खातात. पैसे खातात. वेळ खातात. काळजी माणसाला खाते.”

क्रिस्टिनच्या चेहऱ्यावर तेच हसू पसरलं जे तिनं नेजदेतसाठी वापरलं होतं. ती म्हणाली, “हाऊ इंटरेस्टिंग.” तिनं काहीतरी टिपून घेतलं. दुपारी तोच तरुण डॉक्टर हेमचंद्रांच्या पलंगाशी खुर्ची ओढून बसला आणि त्यानं त्यांच्या हातात कोरा कागद आणि पेन्सिल दिली.

“एक छोटंसं काम. घड्याळ काढा आणि त्यात अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा.”

हेमचंद्रांना आधी उमजलंच नाही. उमजलं तेव्हा त्यांच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. ज्या माणसानं चौतीस वर्षं घड्याळावर सबंध डेपो हाकला त्याला हे पोरगं घड्याळ काढायला सांगत होतं. त्यांनी वर्तुळ काढलं. आकडे घातले, सगळे, सारख्या अंतरावर, एकही खाडाखोड न करता. काटे काढले. लहान काटा अकराच्या किंचित पुढे सरकवला, कारण दहा मिनिटांत तो तेवढा सरकतो.

“अकरा दहा,” ते कागद परत देत म्हणाले. “दारव्हा गाडीची वेळ. ती कधीच वेळेवर सुटली नाही, पण त्याचं कारण घड्याळ नव्हतं.”

“गुड जॉब,” डॉक्टर म्हणाला.

संध्याकाळी शंतनू आला. हेमचंद्रांनी त्याला सगळं सांगितलं आणि नेजदेतच्या पलंगामागच्या पांढऱ्या फळ्याकडे बोट दाखवलं. तिथे मुलीचं नाव आणि फोन नंबर मार्करनं लिहिलेला होता. फिलिझ.

“तिला फोन लाव.”

“बाबा, नाही हं. इथे पेशंटच्या प्रायव्हसीचे रूल्स फार स्ट्रिक्ट असतात. आपण थर्ड पार्टी आहोत. त्यांच्याकडे प्रोफेशनल्स आहेत ना?”

“प्रोफेशनल्सनी माह्याकडून घड्याळ काढून घेतलं आज.”

“काय?”

“राहू दे. घाबरट तो घाबरटच.”

शंतनू गेला. जाताना त्यानं डब्याचं झाकण दोनदा लावून पाहिलं. नेजदेत जेवायच्या हॉलमध्ये होता. हेमचंद्रांनी चष्मा चढवला, वॉकर धरून फळ्यापर्यंत गेले आणि तिथेच उभ्या उभ्या आपल्या मोबाइलवरून नंबर फिरवला.

फोन उचलणाऱ्या बाईच्या मागे भांड्यांचा खणखणाट होता. ती एका बेकरीत कामाला होती. हेमचंद्रांनी आपण कोण ते सांगितलं आणि चौकशीच्या खिडकीतल्याच सुरात विचारलं, “तुमच्या वडिलांना डोक्याच्या विंगमध्ये का टाकताय?”

“तिथल्या डॉक्टरांनीच सांगितलं,” तिचं इंग्रजी चांगलं होतं, पण आवाज दमलेला. “बाबा विचित्र वागताहेत म्हणाले. काहीबाही गिळतात. माणसं खाण्याबद्दल बोलतात. मी एवढ्या लांब असते, काका... मला वाटलं, वय झालं. मला वाटलं माझंच लक्ष नव्हतं.”

“ते काय बोलले ते सांगितलं का कुणी तुम्हाला? शब्द?”

“नाही.”

“फर्चा येदिम,” हेमचंद्र म्हणाले. “हे बोलले ते. मशिननं सांगितलं, ब्रश खाल्ला.”

 पलीकडे बाई हसली. खळखळून हसली, आणि हसताहसता तिचा श्वास अडकला. “आणखी काय म्हणाले?”

“हाक्कमी येदिलेर. इचिम इचिमी यियोर. अन् तुम्ही त्यांच्या डोक्याचं मांस खाता, ते.” हेमचंद्र थांबले. “शेवटी आणखी एक म्हणाले. काफा... काफाई काहीतरी. मशिन म्हणाली, डोकं खाऊन टाकीन.”

“म्हणजे वेड लागेल,” ती म्हणाली. आता ती हसत नव्हती. “असंच चाललं तर मला वेड लागेल, असं म्हणाले ते. आणि यांनी त्यांना...” ती रडू लागली. हेमचंद्रांनाही रडणाऱ्या बाईशी काय बोलायचं ते कधीच आलं नव्हतं. “पाहा काय ते,” एवढं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी ती आली. बुटकी, पिठाळ हातांची बाई, कोटाची बटणंही न लावता आलेली. दोन खोल्यांपलीकडे ऑफिस होतं, तरी तिचं बोलणं हेमचंद्रांना शब्दन् शब्द ऐकू आलं. इतकं सुंदर ओरडणं त्यांनी अमेरिकेत पहिल्यांदाच ऐकलं. ती बाहेर आली तेव्हा क्रिस्टिन तिच्यामागून “आम्ही फक्त त्यांच्या सुरक्षिततेसाठी” म्हणत चालली होती आणि फिलिझ मागे वळूनही बघत नव्हती. तिनं वडिलांचं सामान तिथल्या तिथे भरलं. मिलवॉकीत तिच्या घराजवळ एक केंद्र होतं, तुर्की बोलणारी एक बाई तिथे होती. जागा नव्हती म्हणून आधी नेलं नव्हतं. आता म्हणाली, जागा मिळेपर्यंत घरी ठेवीन, बेकरीतून रजा घेईन.

हे हेमचंद्रांच्या हिशेबात नव्हतं. त्यांना वाटलं होतं, फार तर पडदा पुन्हा सरकेल आणि सगळं आधीसारखं चालू होईल.

नेजदेत चाकाच्या खुर्चीत बसला. कोट, लोकरी टोपी, मांडीवर पिशवी. मुलगी त्याला ढकलू लागली तेव्हा त्यानं हात वर करून तिला थांबवलं आणि खुर्ची हेमचंद्रांच्या पलंगाकडे वळवायला लावली. छातीवर हात ठेवून तो म्हणाला, “हाक्कनी हेलाल एत.”

“आमच्यात निरोप घेताना म्हणतात,” फिलिझ म्हणाली. “एकत्र राहताना तुमच्या हक्काचं काही खाल्लं असेल तर ते माफ करा, असं.”

“झोप खाल्ली म्हणावं. पुष्कळ खाल्ली,” हेमचंद्र म्हणाले.

तिनं ते सांगितलं. नेजदेत हसत सुटला, ठसका लागेपर्यंत हसला, आणि मग उत्तराची वाट बघत राहिला. त्याला खरंच उत्तर हवं होतं. हेमचंद्रांच्या लक्षात आलं की त्याच उत्तराची गरज आपल्यालाही आहे. दोन दिवस ते या माणसाच्या हक्काचं खाऊन गप्प बसले होते, आणि त्यानं अंजीर सोलून दिले होते. ते सांगायला त्यांच्याकडे तुर्की नव्हती, आणि इंग्रजीत सांगितलं असतं तर मुलीला कळलं असतं.

“हेलाल, हेलाल,” ते म्हणाले. “जा आता. गाडीला उशीर करू नको.”

खुर्ची वळली. नेजदेतनं जाताना टोपी काढून हलवली. मागून त्याचं टक्कल दिसलं. मग दाराच्या चौकटीत नुसता कॉरिडॉर राहिला.

फिलिझनं नंबर घेतला होता. पहिल्या आठवड्यात हेमचंद्र मोबाइल उशाशी ठेवून झोपले. फोन आला नाही. बेकरीतल्या बाईला वेळ कुठला, हे त्यांना कळत होतं, आणि तरी राग येत होता. खोलीत आता इतकं शांत होतं की पाइपमधून वाहणारं पाणी ऐकू यायचं. नीना औषध द्यायला आली की तिला ते तुटकपणे बोलायचे. त्या पोरीचाही खरा दोष नव्हता, हे त्यांना माहीत होतं, पण ते तिला सांगायचं काही कारण नव्हतं.

रविवारी शंतनू आला. त्यानं डबा टेबलावर ठेवला आणि सवयीनं भिंतीला टेकून उभा राहिला. हेमचंद्रांनी डबा उघडला. वांगंच होतं. या वेळी त्यांनी तेलाचं नाव काढलं नाही.

मग ते म्हणाले, “शंतनू, तुले ऑफिसात बोलणी खावी लागतात का रे?”

शंतनूनं मान वर केली. “का?”

“विचारलं. असंच.”

शंतनूनं इकडेतिकडे पाहिलं आणि मग समोरच्या रिकाम्या पलंगावर बसला. चादर काढून नेलेली होती. गादीचं प्लास्टिक त्याच्या वजनानं करकरलं.

“रोज,” तो म्हणाला. “रोज खातो, बाबा. नवीन मॅनेजर आहे, माझ्यापेक्षा चौदा वर्षांनी लहान. सगळ्यांसमोर बोलतो. परवा तर मीटिंगमध्ये माझंच काम त्यानं स्वतःचं म्हणून...” तो थांबला, वडील मध्येच काही टोचून बोलतील या सवयीच्या भीतीनं.

हेमचंद्रांच्या ओठांवर वाक्य आलंच होतं. तुझ्यात दम नाही, म्हणून बोलतात. सबंध आयुष्यात त्यांनी ते कुठे ना कुठे कुणाला तरी ऐकवलं होतं. त्यांनी पोळीचा तुकडा तोडला, वांग्यात बुडवला आणि तोंडात घातला, म्हणजे तोंड बंद राहील.

“मग?” घास गिळल्यावर ते म्हणाले. “माझं काम स्वतःचं म्हणून, काय?”

शंतनू सांगू लागला. सांगणं त्याला नीट जमत नव्हतं, निम्मं इंग्रजी, मागचं पुढे आणि पुढचं मागे. बाहेर पार्किंगमध्ये उरलेला बर्फ मातकट होऊन वितळत होता. हेमचंद्र जेवत राहिले आणि ऐकत राहिले.